बँडमास्तर आणि विशेषणाचा प्रश्न

'दलित' हे विशेषण लेखकाने कधीतरी उतरवून ठेवले पाहिजे, तरच तो खरा लेखक, असे आपल्याला वारंवार ऐकवले जाते. असे सांगणाऱ्यांना हवा तसा दाखला काळ्या अमेरिकेच्या संगीतात तयार आहे. हार्लेममध्ये १९१५ साली जन्मलेला वाद्यवृंद-संचालक डीन डिक्सन आपल्या कीर्तीच्या तीन पायऱ्या सांगत असे. आधी लोक त्याला काळा अमेरिकन संचालक म्हणत, मग अमेरिकन संचालक, आणि शेवटी नुसता संचालक. (कंडक्टर म्हटले की आपल्याला एस.टी. आठवते, म्हणून मी पुढे 'बँडमास्तर' म्हणतो. तो शब्द आपल्या वस्तीतला आहे.) ही गोष्ट प्रगतीची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही.

डिक्सनने १९३२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, हार्लेममध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. १९४१ मध्ये तो न्यूयॉर्क फिलहार्मोनिकपुढे छडी घेऊन उभा राहिला. असा मान मिळालेला तो पहिला काळा माणूस. टाळ्या मिळाल्या, पण अमेरिकेतल्या एकाही मोठ्या वाद्यवृंदाने त्याला कायमची जागा दिली नाही. १९४९ मध्ये त्याने देश सोडला. स्वीडनमधल्या गोटेनबर्गने आणि पुढे जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या रेडिओने त्याला काम दिले. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकपुढे तो पुन्हा उभा राहिला तो १९७० मध्ये. म्हणजे ज्या देशाने ते विशेषण त्याच्या कपाळावर ठोकले, त्या देशात ते गळून पडले नाही. ते गळाले परक्या मुलखात. ही मुक्ती नव्हे, हद्दपारी आहे. डिक्सनचा यात दोष नाही. दोष आहे तो त्याच्या हद्दपारीवरून इतरांना धडा देणाऱ्यांचा.

आता दुसरा बँडमास्तर पाहा. जेम्स रीस यूरोप हे त्याचे नाव. आडनावच यूरोप, पण यूरोपची नक्कल करायला त्याने साफ नकार दिला! १९१० मध्ये न्यूयॉर्कला त्याच्या पुढाकाराने क्लेफ क्लब निघाला. नावाने क्लब, कामाने काळ्या वादकांची युनियन. गोऱ्यांच्या हॉटेलांत आणि बंगल्यांत वादकाला वाजवण्याबरोबर हलकी कामेही सांगितली जात. क्लबने वाजवण्याचेच दाम आधी ठरवून घ्यायला सुरुवात केली. २ मे १९१२ रोजी हे शंभराहून अधिक वादक कार्नेगी हॉलमध्ये बसले, काळ्या मुलांच्या संगीतशाळेच्या मदतीसाठी. व्हायोलिनच्या जागी मँडोलिन आणि बँजो का, या प्रश्नावर त्याचे म्हणणे सरळ होते: आमचे संगीत वेगळे आहे, त्याची मांडणीही वेगळीच असणार. विशेषण टाकायचे नव्हते, ते ताठ मानेने लावायचे होते. पहिल्या महायुद्धात ३६९ व्या पलटणीचा बँड घेऊन तो फ्रान्सला गेला, तिथे गाजला, आणि ९ मे १९१९ रोजी बॉस्टनमध्ये त्याच्याच बँडातल्या एका ढोलवादकाने रागाच्या भरात चाकू मारल्याने मरण पावला. चरित्रकारांना हा पलटणीचा वीरनायक फार आवडतो. मला क्लेफ क्लबचा हिशेबी संघटक अधिक मोठा वाटतो.

पण शिक्षकांनी ध्यानात ठेवावा असा बँडमास्तर शिकागोत झाला. कॅप्टन वॉल्टर डायट. तो कुठल्या गाजलेल्या हॉलचा नव्हे, काळ्या वस्तीतल्या सरकारी हायस्कुलाचा. त्याच्या आधी मेजर एन. क्लार्क स्मिथ नावाच्या मास्तराने तिथे मुलांना बँड शिकवला होता. १९३१ मध्ये डायटने वेंडेल फिलिप्स शाळेची छडी हाती घेतली, आणि १९३५ पासून पुढे ड्यूसेबल शाळेत चालवली. शिस्त कडक. पन्नास वाद्यांत एकाचा सूर चुकला तरी मास्तरला ऐकू जाई. वाद्ये आणि गणवेश यांचा पैसा अपुरा पडे, तेव्हा शाळेत दरवर्षी नाच-गाण्यांचा जलसा करून तिकिटांतून तो उभा केला जाई. नॅट किंग कोल, डायना वॉशिंग्टन, जीन अॅमन्स, जॉनी ग्रिफिन हे सगळे त्याच्या हाताखालून गेले. डिक्सनच्या पायऱ्यांवर डायटला कुठे बसवणार? तो पहिल्याच पायरीवर आयुष्यभर उभा होता, आणि तिथून त्याने दुसऱ्यांना वर चढवले.

१९७२ मध्ये आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव काळ्या अमेरिकेकडून घेतले. त्यांच्या कविता-कादंबऱ्यांशी आपल्या साहित्याची तुलना आपल्या समीक्षकांनी पुष्कळ केली, ती आवश्यकही होती. मात्र बाल्डविन-राइटपाशी आपण थांबलो, मास्तरापर्यंत गेलो नाही. तसेच आपल्या घरातही झाले. हलगी आणि सनई वाजवणाऱ्या मातंग घरांतली कितीतरी माणसे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट घेऊन लग्नाच्या बँडात शिरली. नोटेशन न वाचता सिनेमाचे गाणे कानाने उचलून वीस जणांकडून वाजवून घेणारे मास्तर त्यांच्यात होते. नवरदेवाची वरात मांडवात शिरली की बँड बाहेर, आणि जेवणाची पंगत सगळ्यात शेवटी. कवीचे नाव निदान मुखपृष्ठावर छापले जाते. मास्तरचे नाव लग्नपत्रिकेत कधी आले? त्याला कुणी विशेषण उतरवून ठेवायला सांगितले नाही, कारण त्याला कलावंत म्हणायलाच कुणी तयार नव्हते. आपल्या नियतकालिकांतून त्या मास्तरांच्या मुलाखती घ्यायला हव्यात. कुणाकडून शिकले, कुणाला शिकवले, सुपारी किती आणि वाटणी कशी, एवढे चार प्रश्न पुरेत. अजून सांगणारे आहेत.