मनगटापर्यंतची जादू

नारायण पेठेत कुठलीही विद्या आधी पुस्तकातून शिकायची असते. माणसाकडून शिकलं तर त्याचे उपकार होतात. पुस्तकाचे फार तर पैसे होतात. पोहण्याचं सगळं शास्त्र वाचून कोळून प्यायलेले आणि नदीच्या वाटेला कधीही न गेलेले गृहस्थ आमच्या आळीत होऊन गेले आहेत. तेव्हा सचित्र हातचलाखी शिकवणारं एक पुस्तक अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडल्यावर मी ते टीकाकाराच्या गांभीर्याने घरी आणलं, यात नवल नाही.

पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हतं. नावाचं पानही नव्हतं. खुद्द लेखकच गायब! पहिला प्रयोग तिथेच यशस्वी झाला म्हणायचा. शिवाय टीका करायला याहून सुरक्षित पुस्तक मिळणं कठीण. लेखक उद्या पत्र्या मारुतीपाशी गाठून "काय हो, काय लिहिलंत आमच्याबद्दल?" असं विचारील, ही धास्ती नाही.

या पुस्तकांचं घराणं तसं मोठं आहे. लंडनला १८७६ साली 'मॉडर्न मॅजिक' नावाचा जाडजूड ग्रंथ निघाला. आकृत्या ३१८. लेखकाचं नाव प्रोफेसर हॉफमन. आता गंमत अशी, की हे गृहस्थ प्रोफेसर नव्हते आणि हॉफमनही नव्हते. अँजेलो लुईस नावाचे बॅरिस्टर होते. नसलेलं आहे म्हणून दाखवायचं आणि असलेलं नाही म्हणून दाखवायचं, हे शिकवायला वकिलाइतका लायक माणूस दुसरा कोण?

माझ्या पुस्तकातले हात त्याच घराण्यातले. प्रत्येक हात मनगटापाशी, कफाच्या जरा वर, सफाईने छाटलेला. त्याला दंड नाही, खांदा नाही, माणूस नाही. नखं मात्र सुरेख. रुपया नाहीसा करण्याचा पहिला पाठ असा: डाव्या हाताचा अंगठा आणि बोटं यांच्या टोकांत रुपया धरावा. उजवा हात तो उचलायला यावा. उजव्या हाताची बोटं पुढून रुपया झाकत असतानाच तो डाव्या तळहातात 'सहजपणे' सोडून द्यावा. रिकामा उजवा हात मूठ मिटून दूर न्यावा. फुंकर मारावी. मूठ उघडावी. लोक थक्क होतील.

माझा पहिला आक्षेप त्या 'सहजपणे'वर आहे. पाककृतीच्या पुस्तकातलं 'अंदाजाने मीठ' आणि जादूच्या पुस्तकातलं 'सहजपणे' हे सख्खे भाऊ. ज्याला अंदाज आहे त्याला पुस्तक नको असतं, आणि ज्याला पुस्तक हवं असतं त्याला अंदाज नसतो! चौथ्या आकृतीत रुपया बोटांत आहे, पाचव्या आकृतीत तळहातात आहे. सगळी विद्या चार आणि पाच यांच्यामध्ये आहे, आणि तिथे पुस्तकात अर्धा इंच कोरी जागा आहे. आमच्या घरात त्या अर्ध्या इंचातून रुपया पंधरा दिवस कपाटाखाली जात होता. "अहो, दुधाच्या सुट्ट्या पैशांतला घेऊ नका," एवढंच सौभाग्यवती म्हणाल्या. शिवाय आताचा रुपया इतका लहान झालाय, की तो न लपवताही लोकांना दिसत नाही. जुना, थाळीएवढा रुपया असता तर विद्येला काही तेज आलं असतं.

हल्ली फोनवर चित्रफिती असतात, त्यांत चार आणि पाच यांमधलं सगळं दिसतं, असं आमचा भाचा म्हणतो. दिसतं, खरं आहे. पण तिथेही पडद्यावर बहुधा हातच असतात. आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. तो समजायला मला शेजारच्या नानांसमोर प्रयोग करावा लागला.

नाना ओट्यावर पेपर वाचत होते. मी पाठानुसार सारं केलं. रुपया या खेपेला खरोखरच सहजपणे पडला. उजवी मूठ मी लांब नेली. पेपरातून डोळे न काढता नाना म्हणाले, "डाव्या हातात आहे."

"नाना, तुम्ही तर बघतही नव्हता!"

"एकदा बघितलं की! उजवीकडे तू असा काही डोळे फाडून बघत होतास, की तिकडे काही नाही हे उघड होतं. जिथे खरंच काही असतं तिथे माणूस असा बघतो होय रे?"

टीकाशास्त्रात या पुस्तकावर याहून मोलाचं वाक्य लिहिलं जाणार नाही. रुपया हाताने लपत नाही, चेहऱ्याने लपतो. डोळा खरोखर फसल्यासारखा उजव्या मुठीमागे गेला, तर बघणाराही जातो. हाताच्या दुप्पट काम नजर करते, आणि नजरेच्या दुप्पट बोलणं. पुस्तकाने मात्र चेहराच छाटून टाकला आहे. संगीत शिकवायला नुसतं पेटीचं चित्र द्यावं तसं हे झालं.

पण कफाच्या वर छाटल्याने आणखी एक गोष्ट हरवली आहे, आणि ती फुंकर मारून उडवण्यासारखी नाही. तो हात कोणाचा, हेच चित्रात कळत नाही. बाही कोटाची आहे की कफनीची?

कारण मूठ तीच असते. रुपयाऐवजी अंगाऱ्याची दाबून वाळवलेली वडी अंगठ्याच्या बेचक्यात धरली आणि सहजपणे चुरडली, की मोकळ्या हातातून विभूती येते. पुण्याचे जादूगार रघुवीर हयातभर रंगमंचावर अशक्य ते करून दाखवत होते. लोक तिकीट काढून फसायला जायचे आणि हसत घरी यायचे. आपण फसणार आहोत, हे तिकीट काढतानाच ठाऊक असायचं. दुसऱ्या बाहीतल्या हातापुढे मात्र लोक आजारी मुलाला घेऊन बसतात. ते हसत परत येत नाहीत.

हे दोन हात वेगळे करून दाखवण्याचं काम जुनं आहे. इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या गृहस्थाने १५८४ साली हातचलाखीचे प्रयोग पुस्तकात फोडून दाखवले, खोट्या सुऱ्यांच्या चित्रांसकट. हौस म्हणून नाही. चेटकीण ठरवून बायकांना मारत होते म्हणून. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. तिचे कार्यकर्ते गावोगाव हेच प्रयोग करतात. नारळात पोटॅशियम परमँगनेट घालून वर तूप म्हणून ग्लिसरीन ओततात, मंत्राविना जाळ उठवतात, आणि मग, हे महत्त्वाचं, कसं केलं ते सांगतात. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. आमच्या पेठेतून तो पूल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. रुपया गायब करणाऱ्याच्या वाटेला तो जात नाही. चमत्कार म्हणून सांगून लोकांना लुबाडणाऱ्याच्या वाटेला जातो. पुस्तकाला जो फरक दिसला नाही, तो कायद्याला दिसला.

तेव्हा या पुस्तकाबद्दल माझा अभिप्राय असा. कागद बरा, छपाई स्वच्छ, नखं उत्तम. घ्यायला हरकत नाही. मुलांच्या हाती तर जरूर द्यावं. ज्याने स्वतः एकदा तरी रुपया बेचक्यात दडवला आहे, तो पुढे कोणाच्या रिकाम्या मुठीला उगाच नमस्कार करत नाही. तेवढ्यासाठी कपाटाखालून शंभर वेळा रुपया काढावा लागला तरी सौदा स्वस्त आहे. पुढच्या आवृत्तीत मात्र प्रकाशकाने एक आकृती वाढवावी, अगदी शेवटच्या पानावर. दोन्ही तळहात उघडे, डाव्या हातात रुपया, आणि वर एक हसरा माणूस.

संपूर्ण. बाहीसकट.