मूकपटांतील विद्यार्थी व घरची अपेक्षा

जुन्या कागदांचा संग्रह करणारास मूकपट हें साधन क्षुल्लक वाटतें. आमचें मत तसें नाहीं. बखरींतील घटना पारखून घ्याव्या लागतात, पण बखरकाराच्या काळची समजूत काय होती याची साक्ष तीच बखर उत्तम देते. प्रहसनाचेंही तसेंच आहे. लोक ओळखीच्या गोष्टीलाच हंसतात.

हॅरॉल्ड लॉइडचा ‘द फ्रेशमन’ (१९२५) व बस्टर कीटनचा ‘कॉलेज’ (१९२७) हे अमेरिकन मूकपट या दृष्टीनें पाहावे. पहिल्यांतील नायक पडद्यावरील विद्यार्थ्याची नक्कल घरीं गिरवून विद्यापीठांत जातो व हास्यास्पद ठरतो. दुसऱ्यांतील नायक खेळांची निंदा करणारें भाषण करतो आणि मग एका मुलीकरितां त्याच खेळांत धडपडतो. दोहोंतील विनोद सरस आहे. कीटन तर शेवटीं विवाह, संसार, वार्धक्य व दोन थडगीं हें सारें कांहीं क्षणांत उरकून हंसणारास गप्प करतो. तथापि दोन्हींत घर मागें राहतें. नायकाची परीक्षा घेतात ते सोबती, आईबाप नव्हेत. मुलगी बक्षिसापुरती उरते, हा दोहोंचा समान दोष होय.

आपल्याकडे न्यायासन घरांतच होतें. फाळक्यांनीं १९१४ सालीं ‘पिठाचे पंजे’ हें लहान प्रहसन काढलें. परंतु नवें शिक्षण विरुद्ध कुटुंब हा विषय धीरेंद्रनाथ गांगुली यांची भूमिका असलेल्या ‘बिलात फेरत’ (१९२१) या बंगालच्या मूकपटांत स्पष्ट दिसतो. विलायतेहून परतलेला तरुण प्रेम व विवाह यांविषयींच्या आपल्या कल्पनांनीं वडिलांचें घर चकित करून सोडतो. येथें हंसें उंबरठ्यावर पिकतें, क्रीडांगणावर नव्हे. मराठी रंगभूमीनें तर हा वाद कानिटकरांच्या ‘तरुणीशिक्षणनाटिके’त १८८६ सालींच हाताळला होता.

अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें अहमदनगर कॉलेज निघालें तें १९४७ सालीं. मूकपटांच्या काळीं नगरच्या मुलानें पदवीकरितां पुण्यामुंबईची वाट धरावी आणि घरचा व्यवहार पत्रांनीं चालावा, हाच क्रम होता. खर्चाचा हिशेब, परीक्षेचा निकाल, सोयरिकीची विचारणा हीच या प्रहसनांची मूळ संहिता होय. आपल्या देशांत निघालेल्या सुमारे तेराशें मूकपटांपैकीं फारच थोडे आज शिल्लक आहेत. म्हणून त्यांची जाहिरातपत्रकें व अशीं घरगुती पत्रें यांचें मोल अधिक. मोडी सनद जपणाऱ्या संग्राहकांनीं तींही त्याच दप्तरांत बांधून ठेवावीं, अशी आमची विनंती आहे. सनदेवरून वतन कोणाचें तें कळतें. घरानें मुलाकडून काय मागितलें, तें या पत्रांवरूनच कळेल.