पानिपत आणि एल-अड्रेल : कॅप्टन पिकार्डच्या एका रात्रीचे वाचन

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' (१९८७–१९९४) या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेचा नायक कॅप्टन ज्याँ-ल्यूक पिकार्ड म्हटला की दोन क्षण हटकून आठवतात. छळ सोसूनही समोरचे दिवे चारच आहेत असे सांगणारा पिकार्ड हा एक. परक्या ग्रहावरचे अख्खे आयुष्य काही मिनिटांत जगून हाती केवळ बासरी उरलेला पिकार्ड हा दुसरा. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ३० सप्टेंबर १९९१ रोजी प्रसारित झालेल्या, जो मेनोस्कीची पटकथा लाभलेल्या 'डारमॉक' या भागातील शेकोटीचा प्रसंग अधिक मोलाचा वाटावा.

टमेरियन लोकांचे शब्द यानावरील भाषांतरयंत्राला कळतात, अर्थ कळत नाही. कारण ते केवळ आपल्या पुराकथांतील व्यक्ती, स्थळे आणि प्रसंग यांचे दाखले देऊन बोलतात. अपयश सांगायचे तर शाकाच्या वेळी कोसळलेल्या भिंतींचा उल्लेख करायचा, दान सांगायचे तर हात पसरलेल्या टेम्बाचा. शाका कोण, भिंती कोणाच्या, हे प्रेक्षकाला अखेरपर्यंत समजत नाही.

अशा भाषेत मूल बोलायला शिकेल कसे, असा आक्षेप या कल्पनेवर घेतला जातो. मराठी वाचकाला तो तितकासा अडचणीचा वाटू नये. परीक्षेत, निवडणुकीत वा क्रिकेटच्या सामन्यात कोणाचे 'पानिपत झाले' असे मराठी मूल सहज बोलते. १४ जानेवारी १७६१ ची हकीकत त्याला पुढे कधीतरी कळते, किंवा कळतही नाही. आधी वापर, मग कथा. आनंदीबाईची दंतकथा ठाऊक नसतानाही 'ध चा मा' करता येतोच. त्या पराभवाची वार्ता पेशव्यांना कळविणारे म्हणून परंपरेने सांगितले जाणारे, मोत्यांचे आणि मोहरांचे पत्र मात्र निराळ्या जातीचे. ते सांकेतिक रूपक आहे, मोती कोण ते समजले की उलगडते. 'पानिपत' उलगडून दाखविता येत नाही. 'दारुण पराभव' हा प्रतिशब्द चुकीचा नाही, पण घरापासून शेकडो कोस दूर झालेला तो सर्वनाश त्यात मावत नाही.

दिल्लीत मराठी शिकविणाऱ्यास ही अडचण रोजची असावी. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवरील पानिपत राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडते. वर्गातील हिंदीभाषक विद्यार्थ्याला ते हातमागाचे, ब्लँकेटांचे आणि तेलशुद्धीकरण कारखान्याचे शहर म्हणून परिचित असते. शब्द तोच, स्थळ तेच, आणि भाषांतरयंत्र नेमके तेथेच अडते.

पिकार्डही आरंभी अडतो. टमेरियन कप्तान डेथॉन त्याला एल-अड्रेल ग्रहावर ओढून नेतो व त्याच्याकडे खंजीर फेकतो, तेव्हा पिकार्डला ते द्वंद्वाचे आव्हान वाटते. वास्तविक समान शत्रूशी दोघांनी मिळून लढावे, डारमॉक आणि जलाद यांची कथा पुन्हा जगावी, हा डेथॉनचा हेतू असतो. ऐन झुंजीत पिकार्डचे सहकारी त्याला वर खेचून घेण्याचा प्रयत्न करतात. तेवढ्या वेळात एकटा पडलेला डेथॉन श्वापदाच्या तावडीत सापडतो.

त्या रात्री मरणोन्मुख डेथॉनला पिकार्ड गिल्गमेश आणि एन्किडू यांची कथा सांगतो. लक्षणीय आहे ती त्याची वाक्यरचना. गिल्गमेश, एक राजा, उरुक येथे. क्रियापद गळते, नाम आणि स्थळ पुढे येते, आणि दोन मित्रांची नावे एका गावाशी जोडून तो थांबतो. भाषांतरकाराची भाषा श्रोत्याच्या भाषेकडे वाकते. कथा मात्र त्याची स्वतःचीच राहते. जवळपास चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कथेतही एक मित्र मरतो. गिल्गमेशच्या शोकापर्यंत कथा येते तेव्हा श्रोत्याचाही अंत होतो. पॅट्रिक स्टुअर्टने हा प्रसंग अत्यंत संयमाने निभावला आहे. पुढे यानाच्या नियंत्रणकक्षात पिकार्ड टमेरियन दाखले देऊन युद्ध टाळतो, तो प्रसंग त्या मानाने सुलभ वाटतो. नवशिक्याच्या पाच-सहा वाक्यांनी तोफा थंडावाव्यात, ही दूरदर्शन-मालिकेची निकड म्हणावी.

इयन बोगोस्ट यांनी २०१४ साली या भाषेला रूपक वा दाखला न मानता कृतीचे तर्कशास्त्र मानावे असे सुचविले. ते विचारार्ह आहे. तथापि दाखल्यातून काय गळते हा प्रश्न त्याने मिटत नाही. मराठे १७७१ मध्ये, म्हणजे अवघ्या दहा वर्षांत, महादजी शिंद्यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीत परतले. 'पानिपत' या वाक्प्रचारात त्याची नोंद नाही.

डेथॉनची रोजनिशी परत मिळताच टमेरियन अधिकारी एक नवा दाखला उच्चारतो : एल-अड्रेल येथे पिकार्ड आणि डेथॉन. खंजीर तो पिकार्डकडेच राहू देतो. दोघांची नावे त्या दाखल्यात शेजारी-शेजारी आली आहेत. ऐन झुंजीत पिकार्डला वर खेचू पाहणारे त्याचे सहकारी त्यात कोठेच नाहीत.