वाघदेव, सील आणि कलावाद्यांचा चष्मा

आपल्याकडील कलावादी समीक्षेला दोन सवयी जडल्या आहेत. दलित लेखक लिहू लागला की ती विचारते, यात कला कुठे आहे? आणि आदिवासीने काही घडविले की म्हणते, ही निव्वळ कला आहे! दोन्ही भूमिका परस्परविरोधी दिसतात. परिणाम मात्र एकच. माणूस आणि त्याचा प्रश्न चौकटीबाहेर राहतो.

डहाणू-तलासरीच्या गावशिवेवर वाघदेव असतो. लाकडी फळीवर वा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगावर शेंदूर. या रानात आता बिबट्याच उरला आहे. वाघोबा दोघांनाही आपल्यात घेतो. शिकारचित्रांतल्या चवताळलेल्या वाघाशी याचे नाते नाही. हा शेजारी आहे. वाघबारशीला त्याने मान घ्यावा आणि माणसांना, गुरांना सांभाळावे. या कोरीवकामाला रानावरच्या सामायिक हक्काचा दस्तऐवज म्हणूनच मी वाचतो.

कॅनडाच्या उत्तरेतील इन्युइट लोकांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. त्यांच्याकडे हस्तिदंती रंगाच्या वॉलरस-सुळ्यांतून लहान प्राणी कोरण्याची रीत जुनीच. १९४८ साली जेम्स ह्यूस्टन हा चित्रकार इनुकजुआकला गेला. १९४९ साली माँट्रियलमध्ये या कोरीवकामाची विक्री झाली आणि दगडातले सील, अस्वले शहरी दिवाणखान्यांत पोचली. त्याच इनुकजुआकची काही कुटुंबे १९५३ साली सरकारने १,००० मैलांहून अधिक दूर, गोठलेल्या उत्तरेत नेऊन टाकली. सरकारने माफी मागितली ती २०१० साली! कलेचे कौतुक आणि कलावंताचे विस्थापन हातात हात घालून चालू शकतात, ते असे.

आपल्याकडे काय घडले? सत्तरीच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर आले. लग्नाच्या चौकाचे भिंतीवरचे लेखन कागदावर उतरले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार व २०११ साली पद्मश्री मिळाली. ही नावे आपल्या अभिमानाची आहेत. परंतु चौक लिहिणाऱ्या सुवासिनी आणि लग्न लावणारी धवलेरी यांची नावे कोणत्या दालनात लागली?

बाजार आला म्हणून मी गळा काढणार नाही. पोट भरण्यासाठी विकणे यात कमीपणा कसला? प्रश्न मालकीचा आहे. केप डोर्सेटच्या इन्युइटांनी १९५९ साली आपली सहकारी संस्था उभी केली. आपल्याकडे २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण भाव ठरविणारा हात कोणाचा, हे समीक्षेने विचारलेच पाहिजे.

आज याच तालुक्यांतून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो आहे. वाढवण बंदराची पायाभरणी, स्थानिकांचा विरोध असताना, ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. माझ्या वर्गातली वारली मुले घरी याच जमिनींची चर्चा ऐकून येतात. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. जमिनीच्या कागदावर नाव नसणे म्हणजे काय, हे मला कोणत्या सौंदर्यशास्त्राने शिकविलेले नाही. वाघदेव संग्रहालयात ठेवून त्याची शीव मोडणारी संस्कृती कलाप्रेमी कशी? शीव राखणे हा वाघदेवाच्या अर्थाचाच भाग आहे. तो अर्थ मांडणारी समीक्षा आता या मुलांनीच लिहिली पाहिजे.