‘मद्यधुंद’ या शब्दाची मर्यादा

मद्यपान करून वाहन चालविण्यास आळा कसा बसेल, हा प्रश्न सामान्यतः कायदा, पोलीस आणि वैद्यक यांच्या कक्षेतील मानला जातो. भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण इतकेच की, अपराधाला आपण जे नाव देतो त्यावरून तो कोणाला लागू पडतो याची लोकांची समजूत घडत असते. या दृष्टीने वृत्तपत्री मराठीतील दोन रूढ प्रयोग तपासून पाहावयाचे आहेत.

पहिला प्रयोग ‘मद्यधुंद अवस्थेत वाहन चालविणे’ हा होय. ‘धुंद’ या पदाने डोळ्यांपुढे येतो तो झोकांड्या खाणारा, जीभ जड झालेला मनुष्य. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापुरते हे चित्र बरेचसे यथार्थ होते. कारण वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास मनुष्य असमर्थ व्हावा इतका मद्याचा अंमल, ही त्यातील कसोटी होती. १९८८ च्या कायद्यातील १८५ व्या कलमाची आजची कसोटी निराळी आहे. श्वासतपासणीत १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की पुरे. मग चालकाचा पाय अडखळो वा न अडखळो. कायद्याने लक्षण सोडून परिमाण धरले, शब्दाने मात्र लक्षण सोडलेले नाही. परिणामी दोन पेले घेतलेला गृहस्थ ‘मी काही धुंद नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणतो आणि चाक हाती घेतो. मद्याचा परिणाम प्रथम होतो तो विवेकावर. म्हणजे ज्या शक्तीने स्वतःची परीक्षा करावयाची, तीच आधी मंदावलेली असते.

या तुलनेत ‘दारू पिऊन गाडी चालवू नका’ हे साधे वाक्य अधिक नेमके आहे. ‘पिऊन’ हे पूर्वकालवाचक रूप केवळ क्रियांचा क्रम सांगते. किती प्यायला, कसा दिसतो, याची ते चौकशी करीत नाही. आपल्या रक्तातील मिलिग्रॅम कोणासही जाणवत नसल्यामुळे उपदेश म्हणून हेच रूप ग्राह्य ठरते.

दुसरा प्रयोग ‘चालकाचा ताबा सुटला’ हा. ‘सोडणे’ सकर्मक, ‘सुटणे’ अकर्मक. येथे ‘ताबा’ कर्ता होतो आणि चालक षष्ठीत जाऊन बसतो. कर्तृत्वाबरोबर दायित्वही वाक्यातून निघून जाते. पिण्याचा व चावी फिरविण्याचा निर्णय कोणी घेतला, हे अशा वाक्यात सांगितलेच जात नाही.

१९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चे शीर्षक या संदर्भात आठवते. त्यात भर आहे तो पहिल्या पेल्यावर, धुंदीवर नव्हे. तथापि सुधाकराच्या व्यसनाचा घात मुख्यतः त्याच्या संसारावर होतो आणि तो क्रमाक्रमाने होतो. रस्त्यावर त्यासाठी व्यसन जडावे लागत नाही. एक संध्याकाळ पुरते, आणि बळी जाणारा अनोळखीही असू शकतो.

शब्द बदलल्याने अपघात थांबतील असे येथे सुचवावयाचे नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये १९८२ पासून, संशय असो वा नसो, कोणत्याही चालकास थांबवून श्वासतपासणी सुरू झाली आणि प्राणहानी लक्षणीय घटली. सापडण्याची भीती हाच तेथे मुख्य उपाय ठरला. परंतु नियम आपणास उद्देशून आहे असे ज्याला वाटतच नाही, त्याला ती भीती तरी कशी वाटावी? वृत्त लिहिणाऱ्याने ‘मद्यधुंद’ऐवजी ‘मद्यपान केलेला’ आणि ‘ताबा सुटला’ऐवजी ‘चालकाने धडक दिली’ असे, तपासात निष्पन्न झाले असेल तेथे, लिहावे. एवढी अपेक्षा अवाजवी नाही.