बळकट आणि विघटनशील : हायड्रोजेलविषयक दाव्यांची परीक्षा

वैद्यकीय उपयोगासाठी योजिलेल्या हायड्रोजेलांविषयीच्या निबंधांत ‘बळकट’ आणि ‘जैवविघटनशील’ ही विशेषणे आता शेजारी शेजारी नांदू लागली आहेत. ती एकाच नमुन्याला, एकाच वेळी लागू पडतात काय, याची छाननी मात्र क्वचितच होते.

बळकटीच्या बाजूने सुन, सुओ व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेले जेल विचारात घ्यावे. त्यात सुमारे ९० टक्के पाणी असूनही ते मूळ लांबीच्या विसांहून अधिक पट ताणले जाते. त्याची भंगऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे ९,००० जूल, म्हणजे कूर्चेच्या कित्येक पट आहे. यामागील कल्पना खरोखरच मार्मिक आहे. ताण पडताच अल्जिनेटमधील कॅल्शियमचे बंध सुटतात व ऊर्जा शोषून घेतात. पॉलिअॅक्रिलअमाइडचे जाळे मात्र अखंड राहून आकार सांभाळते. ताण सरल्यावर कॅल्शियमचे बंध बऱ्याच अंशी पुन्हा जुळतात. परंतु शरीरद्रवातील सोडियम हळूहळू कॅल्शियमची जागा घेतो, आणि ज्या बंधांवर बळकटीची सारी भिस्त तेच शिथिल होतात. मागे उरणाऱ्या पॉलिअॅक्रिलअमाइडचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा असल्याने तो शरीरात विरघळून जात नाही. अल्जिनेट पचविणारे विकरही सस्तन प्राण्यांत नाही. थोडक्यात, बळ ओसरते आणि जाळे राहते; शल्यचिकित्सकाला हवे असते ते नेमके याच्या उलट.

दुसऱ्या टोकाला साहनी, पाठक व हबेल यांचे १९९३ सालचे कार्य येते. पॉलिएथिलीन ग्लायकोलच्या साखळीला लॅक्टिक वा ग्लायकोलिक अम्लाचे छोटे खंड जोडून त्यांनी प्रकाशाने घट्ट होणारी जेले सिद्ध केली. खंडांची निवड बदलून त्यांच्या विघटनाचा काळ एका दिवसाहून कमी ते चार महिने असा राखता आला. हे नियंत्रण पुढील बहुतेक संशोधनाचा पाया ठरले. तथापि ही जेले मऊच. गळती रोखण्यास ती पुरेशी. सांध्याचा भार पेलण्याचे काम त्यांचे नव्हे.

या दोन टोकांना जोडू पाहणाऱ्या लेखनातील खरा दोष मोजमापाचा आहे. बळकटी मोजली जाते ताज्या नमुन्यावर, आणि विघटन मोजले जाते वजनातील घटीने. वस्तुतः पाणी जेलच्या सर्वांगात भिनलेले असल्याने एस्टर बंध पहिल्या दिवसापासून सर्वत्र तुटू लागतात. साखळीचा तुकडा बाहेर पडतो तो मात्र त्याला धरून ठेवणारे सर्व बंध तुटल्यानंतरच. त्यामुळे वजनाचा आलेख दीर्घकाळ जवळजवळ सपाट दिसतो, आणि त्याच अवधीत जेल आतून खिळखिळे होत असते. हा सपाट आलेख टिकाऊपणाचा पुरावा म्हणून पुढे करणे ही केवळ शिथिलता नव्हे. हृदयाच्या पडद्यावर लावलेली पट्टी वजन घटण्यापूर्वीच फाटू शकते.

मागणी फार मोठी नाही. ३७ अंश सेल्सियसच्या क्षारद्रावणात नमुने पूर्ण फुगू द्यावेत, त्यांना पुनःपुन्हा ताण द्यावा, आणि दर आठवड्याला भंगऊर्जा मोजून ती वजनाच्या शेजारी त्याच आलेखात मांडावी. पदव्युत्तर प्रयोगशाळेतही हे करता येण्याजोगे आहे.