स्वागत आणि हुंकार

उत्सवाच्या आरंभी होणाऱ्या स्वागताच्या भाषणाकडे समीक्षक सहसा लक्ष देत नाही. दीपप्रज्वलन झाले, पुष्पगुच्छ दिले गेले, 'रसिक प्रेक्षकहो' ह्या संबोधनाने सुरू झालेली पाच-दहा मिनिटे आभारांत विरून गेली, म्हणजे आता खरा कार्यक्रम सुरू होणार, असे आपण धरून चालतो. आपल्या नाट्यपरंपरेने मात्र आरंभाला इतके हलके लेखलेले नाही. भरताने नाट्यशास्त्रात पूर्वरंगासाठी स्वतंत्र अध्याय योजला आहे. संस्कृत नाटकाचा सूत्रधार प्रथम परिषदेशी बोलतो आणि मगच पात्रांचा प्रवेश होतो. तमाशातील गण आणि संगीत नाटकातील नांदी ह्यांचे प्रयोजनही ह्याच जातीचे होय. प्रेक्षकाला आरंभी ज्या नात्याने हाक मारली जाते, त्याच नात्याने तो पुढील सारे पाहतो. म्हणून स्वतंत्र चित्रपटांच्या आणि माध्यमकलांच्या उत्सवात प्रेक्षकाचे स्वागत कोणत्या नात्याने व्हावे, हा प्रश्न केवळ सौजन्याचा राहत नाही. तो समीक्षेचाही प्रश्न ठरतो.

ह्या प्रश्नाचा विचार मी भिलाईच्या संदर्भात करू इच्छितो. मराठी वाचकाला हा मुलूख परका वाटू नये. 1854 पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. माधवराव सप्रे ह्यांनी 1900 साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक येथेच सुरू केले, आणि गजानन माधव मुक्तिबोधांच्या आयुष्याची अखेरची वर्षे जवळच्याच राजनांदगावी अध्यापनात गेली. परंतु भिलाई निवडण्याचे खरे कारण निराळे आहे. पर्यायी चित्रपटाच्या प्रेक्षकासंबंधीचे जवळजवळ सर्व प्रश्न ह्या एका पोलादनगरीत एकत्र भेटतात.

प्रथम 'स्वतंत्र' ह्या शब्दाचा अर्थ पाहू. बाजारातील चित्रपट प्रेक्षकाला गिऱ्हाईक मानतो. तिकिटाचे मोल घेतले की देणेघेणे संपले. प्रायोजकांच्या बळावर उभा राहणारा उत्सव त्याला पाहुणा मानतो. वरकरणी हे नाते अधिक गौरवाचे दिसते, पण पाहुण्याने वाढलेले निमूटपणे जेवावे, ताटात काय असावे हे विचारू नये, असा संकेत त्यात गृहीतच असतो. 2006 साली गोरखपूरला सुरू झालेल्या 'प्रतिरोध का सिनेमा' ह्या चळवळीने हे नाते मुळातच बदलण्याचा प्रयत्न केला. कंपन्यांचे प्रायोजकत्व नाकारून लोकांच्या लहानमोठ्या वर्गणीवर उत्सव भरवावयाचा, हे तिचे सूत्र. लखनौ, पाटणा, नैनीताल अशा गावांबरोबर भिलाईतही ह्या चळवळीचे उत्सव झाले. येथे वर्गणी देणारा, खुर्च्या मांडणारा आणि चित्रपट पाहणारा बहुधा एकच असतो. पंगतीत जो बसतो तोच वाढतोही. अशा माणसाला 'आपले स्वागत असो' म्हणताना बोलणाऱ्याची जीभ क्षणभर अडखळली पाहिजे. कारण घर त्याचेच आहे.

तर मग त्याला कोणत्या नात्याने बोलवावे? ह्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. तीजनबाईंचे गनियारी हे गाव भिलाईजवळच आहे. त्या स्वतः भिलाई पोलाद कारखान्याच्या सेवेत होत्या. त्यांची पंडवानी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना त्यांच्या मागे बसलेला 'रागी' आठवेल. तो साथ करतो, ध्रुपद उचलतो. पण त्याचे मुख्य काम हुंकार भरण्याचे. मधूनच तो होकार देतो, 'मग काय झाले?' म्हणून विचारतो, एखादी शंका काढतो, आणि त्याच्या त्या शब्दावर कथा पुढे सरकते. रागी हा रंगमंचावर बसवलेला प्रेक्षकच आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तो गप्प राहिला तर कथा संपणार नाही, पण ती एकटी पडेल. पर्यायी चित्रपटाला प्रेक्षक हवा असतो तो ह्या अर्थाने. ज्याच्यामागे जाहिरात नाही, तारांकित नट नाहीत, वितरकांची साखळी नाही, त्या चित्रपटाचे पडद्याबाहेरचे आयुष्य प्रेक्षकाच्या हुंकारावरच चालते.

ही केवळ उपमा नव्हे, ह्याला भिलाईचाच दाखला आहे. हबीब तन्वीर ह्यांचे 'चरणदास चोर' विजयदान देथा ह्यांच्या कथेवरून घडले, आणि त्याचे एक प्रारंभिक रूप भिलाईच्या मैदानात सतनामी श्रोत्यांच्या मोठ्या समुदायापुढे सादर झाले होते. गुरूला दिलेल्या वचनासाठी प्राण देणाऱ्या चोराची ही गोष्ट. सत्यालाच ईश्वर मानणाऱ्या समाजापुढे ती उभी राहिली, तेव्हा तिच्यातील गमतीमागचे गांभीर्य प्रकट झाले असले पाहिजे. नाटकाला पुढे 1982 साली एडिंबरोला पारितोषिक मिळाले. त्याच्याही आधी, 1975 साली, श्याम बेनेगल ह्यांनी बालचित्र समितीसाठी ह्या कथेचा चित्रपट केला. त्याचे छायालेखन गोविंद निहलानी ह्यांचे, आणि राजकन्येच्या भूमिकेत स्मिता पाटील प्रथमच चित्रपटात दिसल्या. मराठी रसिक हा चित्रपट स्मिता पाटील ह्यांच्यासाठी आठवतो. मला तो त्यातील छत्तीसगडी कलावंतांसाठी आणि त्यांच्यामागच्या मैदानातील त्या समुदायासाठी महत्त्वाचा वाटतो.

परंतु प्रेक्षकाला सहभागी म्हणून बोलावणे सोपे, तो येऊ शकेल अशी व्यवस्था करणे अवघड. सोव्हिएत सहकार्याचा करार 1955 साली झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर वसले ते क्रमांकांच्या सेक्टरांचे आखीव नगर. शाळा, रुग्णालय, सिव्हिक सेंटर आणि तेथील कला मंदिर ह्यांसह. त्याच्या कडेला वाढल्या त्या कंत्राटी मजुरांच्या वस्त्या. जॉनथन पॅरी ह्या मानववंशशास्त्रज्ञाने भिलाईचा दीर्घकाळ अभ्यास करून कायम कामगार आणि कंत्राटी कामगार ह्यांच्यातील दरीचे विस्तृत चित्र रेखाटले आहे. वेतनाइतकीच ही दरी राहणीत आणि आकांक्षांत आहे, हे त्यातून दिसते. सेक्टरमधील सभागृहात मजुरांवरचा माहितीपट दाखविला जातो आणि ज्यांच्यावर तो आहे ते सभागृहात नसतात, अशा प्रसंगी व्यासपीठावरून केलेले 'सर्वांचे स्वागत' कानाला कसे लागते, ह्याचा विचार संयोजकांनी करावयास हवा. आनंद पटवर्धन ह्यांनी 'जय भीम कॉम्रेड' हा चौदा वर्षे खपून केलेला चित्रपट जानेवारी 2012 मध्ये मुंबईत भायखळ्याच्या बी. आय. टी. चाळीत उघड्यावर दाखविला. तेथे प्रेक्षकांना चित्रपटाकडे बोलवावे लागले नाही. चित्रपटच त्यांच्या दारी गेला. स्वागताचा हाही एक प्रकार आहे, आणि माझ्या मते अधिक सच्चा.

स्वातंत्र्याला मोल असते, हेही ह्या गावाला ठाऊक आहे. भिलाईचे माहितीपटकार अजय टी. जी. ह्यांनी वस्तीतील मुलांना कॅमेरा हाताळावयास शिकविले होते आणि डॉ. बिनायक सेन ह्यांच्यावर माहितीपट केला होता. 2008 साली राज्याच्या विशेष जनसुरक्षा कायद्याखाली त्यांना अटक झाली. काही महिन्यांनी ते जामिनावर सुटले. माध्यमकला ही आता कोणाच्याही हातातील दूरध्वनीवर साध्य होणारी गोष्ट झाली असली, तरी पाहणे आणि दाखविणे ह्या क्रिया निरुपद्रवी झालेल्या नाहीत. अशा गावात 'आपण मुक्तपणे बोला' हे वाक्य उच्चारणाऱ्याने त्याचे वजन ओळखून ते उच्चारावे.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रेक्षकाला इतके महत्त्व दिल्याने कलाकृती त्याच्या अनुमतीची बटीक होणार नाही काय? सौंदर्याची कसोटी कलाकृतीच्या घाटातच शोधावी असा आग्रह धरणाऱ्या मर्ढेकरांच्या वाचकाला ही शंका येणे स्वाभाविक आहे. उत्तरादाखल मी मणी कौल ह्यांचा 1980 सालचा 'सतह से उठता आदमी' पुढे ठेवीन. मुक्तिबोधांच्या लेखनावर उभारलेला हा चित्रपट कथेच्या आधाराने चालत नाही आणि प्रेक्षकाची मनधरणीही करीत नाही. अशा चित्रपटापूर्वी 'आपल्याला आनंद होईल' असे आश्वासन देणारा निवेदक प्रेक्षकाची फसवणूक करतो. 'हा चित्रपट कठीण आहे, तो असा का आहे हे आपण नंतर बोलू' असे सांगणारा त्याला बरोबरीचा मानतो. हुंकार म्हणजे मान्यता नव्हे; शंका हाही हुंकारच आहे. रागी नुसता माना डोलावू लागला, तर त्याला तेथे बसविण्याचे कारणच उरणार नाही.

शेवटी भाषांतरकार म्हणून एक निरीक्षण नोंदवितो. चैतन्य ताम्हाणे ह्यांचा 'कोर्ट' (2014) भिलाईच्या पडद्यावर आला असे समजू. लोकशाहीर नारायण कांबळेवर खटला चालतो. घरात, रस्त्यावर आणि न्यायालयात मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी ह्या भाषा आळीपाळीने ऐकू येतात. कोण कोणत्या भाषेत बोलतो आणि कोणाला कोणती भाषा परकी आहे, हाच ह्या चित्रपटाचा गाभा. आता तळाशी धावणाऱ्या इंग्रजी ओळी ह्या साऱ्यांना एकाच पातळीवर आणून ठेवतात. ज्याला इंग्रजी येते त्याला कायद्याची इंग्रजी आणि शाहिराची मराठी सारखीच भासते; ज्याला ती येत नाही, तो आरोपीइतकाच बाहेर उभा राहतो. सप्रे ह्यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत आणले, तेव्हा त्यांनी ज्या वाचकासाठी कष्ट घेतले त्याची भाषा त्यांना नेमकी ठाऊक होती. उत्सवाने तेवढे तरी ठरवावे. हिंदी ओळी नसतील तर पाच मिनिटे छत्तीसगडीत कोणीतरी उभे राहून सांगावे, की आता जे ऐकाल त्यात किती भाषा आहेत आणि त्यांपैकी कोणती सत्तेची आहे.

एवढे केले तर पुष्पगुच्छाची गरज उरत नाही. चित्रपट कोणाच्या पैशांनी झाला, तो आज का निवडला, कोणत्या भाषांत आहे आणि तो संपल्यावर दिवे लागताच कोणाला बोलता येईल, हे साध्या शब्दांत सांगणे, हेच स्वतंत्र उत्सवाचे खरे स्वागत. मग निवेदकाने खाली बसावे आणि अंधारात पहिला हुंकार कोठून येतो ते ऐकावे.